लॅकीच्या नावाचं रक्त

१३ एप्रिल, शनिवार

आज आमच्या बोल्स क्लबचं मैदान उघडलं, म्हणजे हिरवळीवर जड गोळे पांढऱ्या चेंडूपर्यंत घरंगळवायचा मोसम सुरू. अध्यक्षीणबाईंनी मोसमातला पहिला पांढरा चेंडू टाकला, तो थेट कडेच्या चरात गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गारांचा सडा पडला. म्हणजे सगळं रीतसर झालं.

मी मात्र खेळायला नव्हते. आत चहाच्या खोलीत टेबल मांडून सभासदांचं रक्त काढत बसले होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला निरोगी म्हाताऱ्यांचं रक्त हवंय. मेंदूत गाठ असलेल्यांचं रक्त इस्पितळातून येतं, पण गाठ नसलेल्यांचं कसं दिसतं हेही त्याला ठाऊक हवं ना. यूअन जाहिरात देणार होता. यूअन म्हणजे आमचा साहेब, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. म्हटलं, जाहिरात कशाला? आमच्या बोल्स क्लबात म्हाताऱ्यांना तोटा नाही, आणि चहासोबतच्या फुकट स्कोनसाठी, त्या गोडसर पावांसाठी, ते एक हात काय, दोन्ही पुढे करतील.

तसंच झालं. फक्त माझा शेजारी लॅकी खुर्चीत बसला, सुई पाहिली आणि पिठासारखा पांढरा पडला. ग्लासगोतल्या शनिवार रात्रीच्या बस जन्मभर चालवलेला माणूस! त्याच्या मागे त्याची बायको एफी उभी होती. तिने त्याची कॉलर धरून त्याला उठवलं. "ऊठ रे भित्र्या. मी बसते आधी. मेले नाही तर तू बस." खोलीभर हशा. एफीचं झाल्यावर तो डोळे गच्च मिटून बसला आणि माझ्या आईचा उद्धार करत होता.

काम मात्र भराभर उरकलं. मी सकाळीच नळ्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवून, नावं दिली त्या क्रमाने त्या रांगेत लावून ठेवल्या होत्या. अशाने आयत्या वेळी धावपळ होत नाही.

एफीच्या स्कोनमध्ये आज सोडा जास्त पडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुणी चकार शब्द काढला नाही. तिच्यासमोर काढेल कोण?

३० एप्रिल, मंगळवार

क्लबातल्या रक्तांपैकी एकाची रेघ भलतीकडे वळली. आमचं काम दिसायला सोपं आहे. रक्तातला पिवळसर पातळ भाग वेगळा काढायचा, त्याचा एक थेंब चकतीवर वाळवायचा आणि त्यातून अवरक्त किरण सोडायचे. ते डोळ्यांना दिसत नाहीत. थेंब कुठले किरण किती गिळतो त्याची एक रेघ निघते. मेंदूत गाठ असेल तर रेघेचे चढउतार जरा वेगळे होतात. माझ्या नजरेला नाही, पण यंत्राला कळतात. आज यंत्र एका निरोगी माणसाबद्दल म्हणालं, गाठ.

यूअन म्हणाला, "थेंब नीट वाळला नसेल. कडेला जाड झाला असेल. परत लाव."

२ मे, गुरुवार

परत लावला. मग नव्या चकतीवर लावला. यंत्र हटायला तयार नाही.

"यंत्राची चूक म्हणून मांडू," यूअन म्हणाला. "शंभर निरोगी माणसांत दोन-चार ठिकाणी ते चुकणारच. तो माणूस निरोगी आहे असं तूच लिहून दिलंयस."

"आणि नसला तर?"

"एल्स्पेथ, त्यांनी कशावर सही केलीय ते तुला माहीत आहे. आपण कुणाला काही कळवत नाही. अजून हे यंत्र शिकाऊ आहे. शिकाऊ ड्रायव्हरच्या सांगण्यावरून कुणी घर विकतं का?"

बरोबर बोलला. म्हणून मी संध्याकाळपर्यंत गप्प बसले. मग आकड्यांची नावं ज्या कपाटात असतात ते उघडलं. मी ते उघडायला नको होतं.

लॅकी.

५ मे, रविवार

जेवायला शेजारी. लॅकी आणि एफी माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. माझा नवरा डंकन मला सोडून गेला त्या हिवाळ्यात एफीने मला रोज जेवायला घातलं, तेव्हापासून रविवार त्यांच्याकडे. त्या घरात मी पहिल्यांदाच चोरासारखी बसले.

लॅकीला जेवताना कोपऱ्यावरच्या कुत्र्याचं नाव आठवेना. मी काटा खाली ठेवला. मग तो उठताना टेबलाला धरून उठला. हे नेहमीचं की नवीन? गेली वीस वर्षं मी त्याच्याकडे नीट पाहिलेलंच नाही, हे आज कळलं.

मी त्याच्याकडे इतकी टक लावून पाहत होते की एफीही गडबडली. तिने ग्रेव्ही ताटाऐवजी शेजारी टेबलावर ओतली आणि ओतत राहिली. लॅकी ओरडला, "अगं, टेबलाला भूक लागलीय का?" ती हसली. मलाच वाईट वाटलं, माझ्यामुळे तिचं लक्ष उडालं.

१४ मे, मंगळवार

सांगितलं. नोकरी जाईल याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही की हा माणूस मरेल आणि मी त्याच्या अंत्यविधीला जाऊन सँडविच खाईन.

मैदानाच्या कडेला बाकावर बसलो होतो. मी सगळं सांगितलं. यंत्र शिकाऊ आहे, चूकही असू शकते, मी नियम मोडतेय, हेसुद्धा. तो हातातला गोळा पुसत होता.

"दुखत काहीच नाही गं," तो म्हणाला.

"सुरुवातीला नाही दुखत."

"हं." मग म्हणाला, "एफीला सांगायचं नाही. इस्पितळात डोक्याचा फोटो निघेपर्यंत तर नाहीच. ती झोपायची नाही. शब्द दे."

शब्द दिला. एवढं तरी मी त्याला देऊ शकत होते.

६ जून, गुरुवार

लॅकीने डॉक्टरांना डोकं दुखतं म्हणून सांगितलं. "जन्मात पहिल्यांदा डॉक्टरशी खोटं बोललो, तेही तुझ्या पायी," म्हणाला. फोटोसाठी रांगेत नाव लागलंय. तोवर तो रोज सकाळी आरशासमोर उभा राहून जीभ बाहेर काढतो आणि डोळे फिरवून पाहतो. वजन उतरलंय. हे मी केलंय. मी रात्री अंथरुणात त्याच्या खोकण्याचा आवाज भिंतीतून ऐकते आणि उशी डोक्यावर घेते.

क्लबात आज एफीने खजिनदाराला सगळ्यांदेखत "चड्डीत मुतणारा बोकड" म्हटलं. खजिनदार अंगावर चहा सांडून घेईपर्यंत हसला. बाकीचेही. एफीच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं. जाताना लॅकी कुजबुजला, "हिला वास आलाय. मी काहीतरी लपवतोय हे कळलंय तिला, म्हणून चिडचिड करते."

मलाही तसंच वाटतं. बायकांना कळतंच.

२२ जून, शनिवार

दुपारी एफी आली. मागच्या दाराने, नेहमीसारखी न ठोठावता. हातात काही नव्हतं, आणि एफी रिकाम्या हाताने कधी येत नाही. स्वयंपाकघरात बसली आणि बोटाने टेबलावर रेघा ओढत राहिली.

"एल्सी, काहीतरी बिघडलंय. मला कळतंय, पण धरता येत नाही."

कळलं हिला, म्हटलं.

"लॅकी काही बोलला का?"

"लॅकीला काय विचारू? त्याचं त्यालाच झालंय जड. रात्री झोपत नाही, मला जवळ घेऊन पडून राहतो. सकाळी उठले की..." ती थांबली. शब्द शोधल्यासारखी छताकडे पाहत राहिली. "तू शिकलेली आहेस. तुला माहीत असेल तर सांग ना."

मी तिचा हात धरला. शब्द दिला होता ना.

"काही नाही गं बिघडलं. या वयात होतं असं सगळ्यांचं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. महिनाभरात सगळं आपोआप ठीक होईल."

"होईल ना?"

"होईल. माझ्यावर विश्वास ठेव."

"तू म्हणतेस तर ठेवते," ती म्हणाली. मग उठली आणि पुढच्या दाराने गेली. फाटकापाशी जरा वेळ उभी राहिली, डावीकडे जावं की उजवीकडे असं काहीतरी. बिचारी विचारात होती.

ताकास तूर लागू दिली नाही मी. पण तोंडात साबण गेल्यासारखं वाटतंय.

९ जुलै, मंगळवार

काही नाही! लॅकीच्या डोक्यात काहीही नाही! डॉक्टर म्हणाले, या वयाला इतका स्वच्छ मेंदू क्वचित दिसतो. लॅकी म्हणाला, वापरलाय कुठे.

माझा जीव भांड्यात पडला. तो माझ्या स्वयंपाकघरात नाचला, खरोखर नाचला, मला गरगर फिरवून. मग एकदम खाली बसून रडायला लागला. "देवाचे आभार मानले मी एल्सी. तीस वर्षं चर्चात गेलो नाही, तरी त्या इस्पितळाच्या संडासात गुडघे टेकले." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, याला हे सगळं मी भोगायला लावलं. काही नसताना.

यूअनला कबूल केलं. तो लालबुंद झाला. विद्यापीठाच्या समितीकडे तक्रार करण्याऐवजी त्याने मला अर्धा तास शब्दांनी झोडपलं. म्हणाला, "बघितलंस? यंत्राची चूक, मी सांगत होतो ना." चूक म्हणून ती मांडली.

आनंदाची बातमी एफीला सांगायला लॅकी घरी गेला, तर ती भर उन्हाची संध्याकाळ सोडून झोपली होती. त्याने उठवलं नाही. "माझ्यापायी दमलीय. आता करेल आराम. सगळं ठीक आहे, मग सांगायचं तरी कशाला?"

२७ जुलै, शनिवार

जोड्यांचा सामना. एफीचा प्रत्येक गोळा उजव्या चरात. एकही पांढऱ्या चेंडूच्या आसपास नाही. ती दर वेळी हसत होती, लॅकी मात्र जिंकल्यासारखा शीळ घालत फिरत होता. हरल्यावर शीळ घालणारा माणूस क्लबाने प्रथमच पाहिला. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, असू दे, त्याला तेवढी सुट्टी द्यायला हवी. एफीच्या डोक्याला नवा चष्मा सहन होत नाही म्हणे.

८ ऑगस्ट, गुरुवार

घडलं तसं लिहिते.

पुढच्या आठवड्यात चर्चमधल्या बायकांचं रक्त घ्यायचं आहे. सकाळी मी त्याच्या तयारीला बसले. रिकाम्या नळ्या, चिठ्ठ्या, नावांचा क्रम. एकेक चिकटवत गेले. यूअन दारातून जाता जाता म्हणाला, "रिकाम्या नळ्यांना आधीच चिकटवतेस? आणि कुणी रांग मोडली तर?"

गमतीने म्हणाला. निघूनही गेला. माझ्या बोटाला चिठ्ठी चिकटून राहिली.

रांग मोडली होती. लॅकी उठला होता. एफी बसली होती. आणि मी हसत हसत हाताशी असलेली पुढची नळी उचलली होती, ज्यावर लॅकीचा आकडा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. यंत्र चुकलं नव्हतं. रक्त एफीचं होतं.

आणि मग सगळं एकामागून एक. सोडा. ग्रेव्ही. बोकड. माझ्या फाटकापाशी उभी राहिलेली ती. मी कोट न घेता बस गाठली.

एफी स्वयंपाकघरात स्वेटर घालत होती. उजवा हात बाहीत जात नव्हता. ती तो परत परत ढकलत होती, शांतपणे. लॅकी शेजारी पेपर वाचत होता.

"हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने."

त्याने पेपर खाली ठेवला. "एकदा मला मारलंस. आता हिची पाळी? काय म्हणतंय तुझं यंत्र?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं.

"यंत्र नाही," मी म्हटलं. "मला दिसतंय."

त्याने एफीकडे पाहिलं. बहुतेक बऱ्याच दिवसांनी. मग न बोलता गाडीची किल्ली घेतली.

९ ऑगस्ट, शुक्रवार

गाठ. डावीकडे, कपाळामागे, अक्रोडाएवढी. सर्जन म्हणाल्या, "वसंतात कळलं असतं तर..." आणि वाक्य गिळलं. लॅकीने ऐकलं नाही. मी ऐकलं.

यूअनला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला. पहिलं वाक्य आलं ते, "म्हणजे यंत्र बरोबर होतं." लगेच ओशाळला. मला त्याचा राग आला नाही. नळीचा उलगडा झाला त्या क्षणी मलाही तोच आनंद झाला होता, पापणी लवते तेवढाच. तो मी कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते.

"समितीला मी कळवतो," तो म्हणाला. "क्लबातलं सगळं रक्त बाद. तुझं काय होईल ते होईल. पण त्या बाईंना हे कागदातून कळता कामा नये. तू सांग."

२३ ऑगस्ट, शुक्रवार

शस्त्रक्रिया झाली. काढता आली तेवढी काढली. उरलेलीवर आता किरणांचा मारा. किती काळ मिळेल हे कुणी सांगत नाही, म्हणजे समजायचं ते समजायचं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात लॅकीने मला मिठी मारली, माझ्या बरगड्या कडकडल्या. "तुझी नजर, पोरी. मी शेजारी झोपून आंधळा होतो. तू पाहिलंस." मी त्याच्या जाकिटात तोंड खुपसून उभी राहिले. त्याला वाटलं मी रडतेय.

१ सप्टेंबर, रविवार

क्लबाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. खजिनदार बोलला की एल्स्पेथसारखी शेजारीण प्रत्येकाला मिळो, आणि पुढच्या मोसमाचा पहिला चेंडू मीच टाकायचा. मी नको म्हणाले. त्यांनी तो विनय समजून आणखी टाळ्या वाजवल्या. मी मसुराचं सूप तसंच टेबलावर सोडून उठले.

विद्यापीठाचं पत्रही सगळ्यांना आलंय: नमुन्यांच्या हाताळणीत त्रुटी, रक्त वापरता येणार नाही, क्षमस्व. लॅकीने ते वाचून विचारलं, "म्हणजे परत टोचणार? मी नाही बाबा." त्याच्या मनात दुसरं काही आलं नाही. माझ्यावरच्या विश्वासाने त्याची अक्कल गहाण पडलीय.

मला रक्त काढण्याच्या कामावरून कायमचं काढलं. वाटलं होतं, शिक्षा झाली की जरा बरं वाटेल. छे.

१५ सप्टेंबर, रविवार

एफी घरी आहे. खिडकीपाशी खुर्चीत, डोक्यावर विणलेली टोपी, एका बाजूला केसांचे खुंट. शब्द अर्धेमुर्धे परत आलेत. शिव्या मात्र पहिल्या दिवसापासून शाबूत. कालच नर्सला एक ऐकवली म्हणे.

लॅकी आमच्यासाठी मासे आणि चिप्स आणायला गेला. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. मधेच काही झाकलं नाही. नळ्या, चिठ्ठ्या, लॅकी उठला, ती बसली. लॅकीला मी काय सांगितलं. जूनमध्ये ती माझ्या दाराशी आली तेव्हा मी तिच्या बोलण्याचा काय अर्थ लावला आणि तिला कसं परत पाठवलं. सर्जनबाईंनी गिळलेलं वाक्यसुद्धा.

ती ऐकत होती. मधे एकदा डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "म्हणजे ते... नळीतलं... माझं."

"हो."

"आणि तो समजला... तो मरणार. एवढे दिवस."

"हो."

"बिचारा," एफी म्हणाली.

मी म्हटलं, "एफी, शिवी दे. काहीतरी बोल मला." मला खरंच हवी होती. त्यासाठीच आले होते की काय, असं आता वाटतं.

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. तो हात अजून घट्ट आहे. "लॅकीला सांगायचं नाही."

"त्याला कळायला हवं. तो रोज माझे आभार मानतो. मला सहन होत नाही."

"नाही." ती एकेक शब्द शोधून, पुसून पुढे ठेवत होती. "तो घाबरला. खुर्चीतून... उठला. त्याला कळलं तर म्हणेल, मी उठलो म्हणून. मग तो संपेल. मी गेल्यावर... एकटा असताना... रोज तेच म्हणेल."

"पण चूक त्याची नाही, माझी आहे."

"हो ना," एफी म्हणाली. "तुझी आहे. तू ठेव."

एवढ्यात लॅकी आला. चष्मा वाफेने धुरकट झालेला, शीळ घालत. कागद उलगडून त्याने सगळ्यांत मोठा मासा उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. "हा एल्सीचा. या घरात आता पहिला मान हिचा." एफी माझ्याकडे पाहत होती, राग नव्हता, नुसती पाहत होती, मी काय करते ते.

"थँक्स, लॅकी," मी म्हटलं, आणि खायला लागले.